विचारण्याआधीची वाट

१८९९ च्या अखेरीस गोव्यातल्या सांखवाळ गावचा तेवीस वर्षांचा एक तरुण घर सोडून पुण्याला आला. शाळा जेमतेम झालेली, इंग्रजी येत नव्हतं, उमेदीची वर्षं घरच्या नारळीच्या बागेत गेलेली. ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकात त्यानं बुद्धावरचा एक लेख वाचला होता आणि तो लेख त्याला स्वस्थ बसू देईना. हा महापुरुष नेमकं काय सांगून गेला, ते मुळातून समजून घ्यायचं, हा एकच ध्यास त्याला लागला. मराठीत हाती लागलं ते वाचून झालं, पण ते फार नव्हतंच. आता संस्कृत शिकायचं, म्हणून पुणं. या तरुणाचं नाव धर्मानंद कोसंबी.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. प्राच्यविद्येत त्यांच्या शब्दाला युरोपातही वजन होतं. कोसंबी त्यांना भेटले. या भेटीबद्दल बोलताना तिच्या आधीच्या वर्षांकडे सहसा कुणी पाहत नाही. बुद्ध आपला गुरू मानावा की मानू नये, हे विचारायला कोसंबी कुणाच्या दारात गेले नव्हते. ते त्यांनी सांखवाळच्या बागेत, एकट्यानं ठरवून टाकलं होतं. त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं ते वेगळंच. हा धर्म आज कुठे जिवंत आहे, त्याचे ग्रंथ कुठल्या भाषेत आहेत, ते शिकवणारा कोण, हे कळायला जाणत्या माणसाची गरज होती.

पुढची वाट त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे संस्कृत शिकायचं. १९०२ मध्ये नेपाळ. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ तरी त्याचा धर्म भेटेल या आशेनं ते गेले आणि निराश होऊन परतले. मग बोधगया, कलकत्ता आणि शेवटी सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांना पाली शिकायला मिळालं आणि तिथेच त्यांनी दीक्षा घेतली. आधी न विचारता निघालेला हा माणूस वाटेत कितीतरी जणांना विचारत गेला. पण प्रत्येक वेळी आधीचा टप्पा त्यानं स्वतः तुडवलेला होता. नेपाळात काय नाही, हे कळल्यावरच सिलोन गाठण्याची निकड त्याला लागली.

आपण आधी शोधावं की जाणत्याला विचारावं, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. महाराष्ट्रात तर दोन्ही बाजू तितक्याच जोरकस आहेत. गुरूवाचून तरणोपाय नाही, असं एक तोंड सांगतं, तर अनुभवावाचून सगळं फोल, असं दुसरं. समर्थ रामदासांनी दासबोधात शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती अशा तिन्ही मागितल्या आहेत. तिन्हींचा मेळ बसला तर खरं. मेळ बसवायचा कुणी, तर ज्याचा प्रश्न त्यानं. हे काम गुरूकडे सोपवता येत नाही.

याचं सर्वांत नेमकं चित्र तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत आहे. वरुणाचा मुलगा भृगू वडिलांकडे येऊन म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण त्याला हाकलून देत नाही आणि उत्तरही देत नाही. तो फक्त एक खूण सांगतो: ज्यातून ही सगळी भूतं जन्माला येतात, ज्याच्यावर जगतात आणि शेवटी ज्यात जातात, ते ब्रह्म. आता तप कर आणि तूच शोध. भृगू जातो, तप करतो आणि ठरवतो की अन्न हेच ब्रह्म. खूण पटते. अन्नातून जीव होतो, अन्नावर जगतो, पुन्हा कुणाचं तरी अन्न होतो. तरी तो परत येतो.

तो परत का येतो, यावर थांबून विचार करायला हवा. ‘हे चुकलं’ असं वरुण एकदाही म्हणत नाही. उणीव भृगूला स्वतःलाच जाणवलेली असते. वडील तेच वाक्य पुन्हा सांगतात, तप कर आणि शोध. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. प्रत्येक वेळी उत्तर सापडतं आणि प्रत्येक वेळी ते अपुरं वाटतं. पाचव्या खेपेला तो आनंदापाशी पोचतो आणि मग वडिलांकडे जाणं थांबतं. वरुणानं पहिल्याच दिवशी ‘आनंद’ असं सांगून टाकलं असतं तर? मुलाला शब्द मिळाला असता. अन्नापासून निघून प्रत्येक पायरीवर हे पुरत नाही असं कळत जाणं, हे मात्र राहून गेलं असतं. पण वरुणानं मुलाला रिकाम्या हातानं धाडलं नाही, हेही विसरता कामा नये. त्यानं एक कसोटी दिली, दर खेपेला दार उघडं ठेवलं आणि पाचही वेळा कंटाळा केला नाही. ‘तुझं तू बघ’ म्हणून हात झटकणारा बाप आणि वरुण यांच्यात मोठं अंतर आहे.

पुण्यात या भृगूसारखा हट्ट एका माणसानं गीतेपाशी धरला. १८७२ मध्ये बाळ गंगाधर टिळक सोळा वर्षांचे होते. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना ‘भाषाविवृति’ ही गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्याच वर्षी वडील गेले. त्या वाचनातून निघालेली शंका पुढे चार दशकं टिळकांच्या मनात राहिली. ती त्यांनी ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत सांगितली आहे. लढाई सोडून निघालेल्या अर्जुनाला लढायला उभं करण्यासाठी गीता सांगितली गेली. मग ज्ञानानं किंवा भक्तीनं मोक्ष कसा मिळवावा, एवढ्याचंच विवेचन तिच्यात का असावं? टीकाकारांकडे या शंकेचं समाधान होईना. संन्यासमार्गी भाष्य वाचलं की गीता संन्यासाची वाटे, भक्तिमार्गी टीका वाचली की भक्तीची.

मग टिळकांनी सगळी भाष्यं आणि टीका बाजूला ठेवून नुसत्या मूळ गीतेची पारायणं केली. हे धाडस त्या काळच्या मानानं लहान नव्हतं. शंकराचार्य, रामानुज, मध्व यांचा हात सोडून गीता वाचणं म्हणजे आगाऊपणा, असं मानणारे शास्त्री त्यांच्याच पेठेत राहत होते. या वाचनातून टिळकांना कर्मयोग दिसला. पण सापडल्याबरोबर ते लिहायला बसले नाहीत. १९०२ मध्ये नागपुरात आणि १९०४ मध्ये संकेश्वर मठात शंकराचार्यांच्या उपस्थितीत त्यांनी हा विचार व्याख्यानातून मांडला, म्हणजे ज्यांना तो पटणार नाही त्यांच्यापुढेच नेऊन ठेवला. ग्रंथ लिहून झाला तो १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात, पेन्सिलीनं. १९१५ मध्ये तो पुण्यात प्रसिद्ध झाला. तोवर महाभारत, वेदान्तसूत्रं, उपनिषदं आणि कांट, मिल, स्पेन्सर हे सगळे तपासून झाले होते. आधी बाजूला ठेवलेली भाष्यंसुद्धा ग्रंथात एकेक करून परत येतात, पण आता टिळक त्यांना प्रश्न विचारू शकतात. आणि एवढं करून प्रस्तावनेच्या माथ्यावर त्यांनी तुकोबांचा जो अभंग ठेवला, त्याचा भाव असा की मी बोलतो ते संतांच्या ताटातलं उरलेलं. स्वतः शोधलेल्या माणसाच्या तोंडी ही नम्रता शोभते, कारण आपलं किती आणि दुसऱ्याचं किती याचा हिशेब त्याला खरोखरच ठाऊक असतो.

टिळकांचा निष्कर्ष सर्वांना पटला नाही. संन्यासमार्गाच्या अभ्यासकांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण इथे महत्त्व निष्कर्षापेक्षा त्या क्रमाला आहे: शंका, मग मूळ ग्रंथ, मग स्वतःचा अंदाज आणि त्यानंतर जाणत्यांची कसोटी.

मात्र एक गोष्ट टिळकांकडे पहिल्यापासून होती आणि तिच्यावाचून हे सारं घडलं नसतं. गीता उघडून वाचण्याचा अधिकार. सोळाव्या वर्षी घरात संस्कृत होतं, वडील शिक्षणखात्यात होते, पुस्तकाला हात लावू नकोस असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं. नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यापासून गंज पेठेतल्या जोतीराव फुल्यांच्या घरापर्यंत पायी जाता येतं. त्या घरातून हा प्रश्न पाहिला की तो उलटा दिसतो. ज्यांना शतकानुशतकं अक्षर नाकारलं त्यांना ‘तुम्ही स्वतः शोधा’ असं कोण कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांना विचारण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. मुहूर्त कोणता, शांत कोणती, देव कशानं कोपला, प्रायश्चित्त काय, सगळं भटजींना विचारायचं. आणि विचारण्याची दक्षिणा पडायची.

फुल्यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा आधी काढली आणि सत्यशोधक समाज त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापला. हा क्रम फार बोलका आहे. आधी वाचता येऊ दे, मग देव आणि माणूस यांच्यामधला मध्यस्थ काढून टाक. समाजाच्या लग्नांत पुरोहित नसे. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात, तेही दोघांना कळणाऱ्या मराठीत. आपण कशाला होकार देतो आहोत ते त्या दोघांना समजावं, एवढी साधी ही मागणी होती. तिच्यामुळे जुन्नर-ओतूर भागात बुडालेल्या दक्षिणेसाठी प्रकरणं कोर्टापर्यंत गेली.

आणि मध्यस्थ नको म्हणणाऱ्या याच माणसानं ‘गुलामगिरी’ लिहिली ती संवादरूपात. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. १८८८ मध्ये पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर डाव्या हातानं लिहिलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ही बरंचसं प्रश्नोत्तरांचंच आहे. यात विसंगती शोधणाऱ्यांनी धोंडिबाकडे नीट पाहावं. तो मान डोलावणारा श्रोता नाही. मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांच्या गोष्टी त्यानं ऐकलेल्या आहेत आणि त्यांतलं काय जुळत नाही हे त्याला खटकलेलं आहे. तो शंका घेऊन येतो. फुल्यांना विचारणारा माणूस हवाच होता. त्यांना संपवायची होती ती न समजता पाय धरण्याची सवय.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या दोन्ही बाजू एकत्र आल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईनं रमाबाईंना. पुराणं मुखोद्गत झाली, पण वेद बाईनं वाचायचे नसतात, ही मर्यादा घरानंही पाळली. ती मोडली कलकत्त्यात. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती दिली आणि वाचायला सांगितलं. १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला जाऊन ख्रिस्ती झाल्या. पुण्यानं त्यांना धर्मांतरासाठी दोष दिला. इंग्लंडातल्या त्यांच्या हितचिंतक जोगिणींची तक्रार वेगळी होती. ही बाई बाप्तिस्मा घेऊनही सांगितलेलं मानत नाही! त्रैक्याचा सिद्धांत चर्च म्हणतं म्हणून स्वीकारायला रमाबाई तयार नव्हत्या. बायबलात तो कुठे आहे ते दाखवा, म्हणत. पत्रांतून त्यांनी स्पष्ट कळवलं की मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्याचं घेणार नाही. या पत्रांमधली रमाबाई नव्या धर्मावर मनापासून श्रद्धा ठेवते आणि त्याच दमात प्रश्न विचारते. श्रद्धा आणि शोध एकत्र नांदत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही पत्रं जरूर वाचावीत.

पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये, उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबलाचं मराठी भाषांतर होतंच. त्यांना ते साध्या बाईला न समजणारं वाटलं, म्हणून मूळ भाषांतून नवं भाषांतर करायला घेतलं. आश्रमातल्या स्त्रियांनी खिळे जुळवले, छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, काम त्याच्या थोडं आधी हातावेगळं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ छापून झाला १९२४ मध्ये. एका बाईनं स्वतः शोधायचं ठरवलं आणि तिच्यामागून येणाऱ्या, जेमतेम वाचता येणाऱ्या विधवांना पाद्रीसाहेबाला न विचारता पान उघडता येईल अशी सोय झाली.

कोसंबींनीही हेच केलं. १९०६ नंतर ते परतले. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना आधार दिला. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम झालं आणि १९१२ ते १९१८ ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. पु. वि. बापटांसारखे विद्वान तिथेच त्यांच्या हाताखाली तयार झाले. आपल्याला जे शोधायला सिलोन गाठावं लागलं ते त्यांनी मराठीत लिहून ठेवलं.

त्यांनी आयुष्यभर अभ्यासलेल्या परंपरेत आपल्या विषयावर एक प्रसिद्ध प्रसंग आहे. केसपुत्त गावचे कालाम बुद्धाला सांगतात, इथे एकेक आचार्य येतो, आपलं मत वाखाणतो, दुसऱ्याचं हाणून पाडतो, आम्ही कुणाचं खरं मानायचं? बुद्ध म्हणतो, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला पटतं म्हणून किंवा सांगणारा आमचा गुरू आहे म्हणून मानू नका. तुम्हाला स्वतःला कळेल तेव्हा माना. भाषणांत हा उपदेश इथवरच सांगतात. पण त्याच सुत्तात कसोटीचा आणखी एक भाग आहे: सुज्ञ लोक त्या गोष्टीला नावं ठेवतात की तिची स्तुती करतात, तेही पाहा. म्हणजे एकट्याची खात्री पुरेशी नाही. आणि ‘विसुद्धिमग्ग’ तर ध्यानाला बसणाऱ्याला सरळ सांगतो की आधी कल्याणमित्र गाठ आणि ध्यानाचा विषय त्याच्याकडून घे. दुसऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही, हे या परंपरेइतकं स्वच्छ क्वचितच कुणी सांगितलं असेल.

१९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं मराठी बुद्धचरित्र भेट दिलं. तिथून १९५६ पर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं. त्यात बुद्धाला इतर धर्मांशी ताडून पाहणं आलं, पाली ग्रंथ तपासणं आलं. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दीक्षेला अजून पावणेदोन वर्षं होती. इतकं शोधून झाल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या लाखोंना स्वतः दिलं. ज्याला कुणाची गरज नव्हती असं कुणीही म्हणावं, त्यानंही दुसऱ्याच्या तोंडून ते शब्द घेतले.

कोसंबींच्या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. ते घर सोडून निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि मुलगी तान्ही होती. मधली वर्षं त्या माउलीनं एकटीनं काढली. ‘स्वतः शोध’ हा मंत्र घेऊन एक माणूस निघतो तेव्हा त्याच्या वाट्याचं घरकाम, पोटापाण्याची काळजी, लोकांचे टोमणे दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर येतात. पुरुषाला ज्या सहजतेनं घर सोडता आलं, त्या सहजतेनं बाळाबाईंना सोडता आलं नसतं. त्यांनाही काही प्रश्न पडले असतील. ते शोधायला त्यांना काशी नव्हती, सिलोन नव्हतं.

आजच्या पुण्यात हा विषय अभ्यासिकांमध्ये भेटतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ इथल्या अरुंद खोल्यांत स्पर्धा परीक्षांची मुलं रात्र रात्र बसतात, अप्पा बळवंत चौकात तयार उत्तरांच्या पुस्तकांच्या थप्प्या लागतात आणि खिशातला फोन कुठल्याही प्रश्नाचं उत्तर क्षणात देतो. याला सरसकट नावं ठेवणं अन्यायाचं होईल. गावी शिकवणारा कुणी नाही अशा मुलाला तो फोन म्हणजे रमाबाईंच्या टेबलावरचा हिब्रूचा कोश आहे. माहितीचा प्रश्न लगेच विचारावा, त्यात तप कसलं? मन खचलेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसानं तर क्षणभरही न थांबता कुणाला तरी हाक मारावी. त्याला ‘आधी तू शोध’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. पण मी कशावर विश्वास ठेवू, आईबापांचं काय देणं लागतो, देव मानू की नको, या प्रश्नांना तयार उत्तर घेतलं की भृगूच्या चार फेऱ्या बुडतात. आणि आता त्या बुडवणं फार सोपं झालं आहे.

पुण्यात जुन्या वळणाचे काही शिक्षक अजून आहेत. शंका घेऊन आलेल्या मुलाला ते म्हणतात, तू काय करून पाहिलंस ते आधी दाखव. मुलगा वही पुढे करतो. कुठल्या ओळीवर तो अडला ते शिक्षक बघतात आणि तेवढ्या ओळीबद्दल बोलतात. वही कोरी असेल तर ती परत देतात, उद्या ये म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाट पाहतात.